जबड्याच्या ऑपरेशनसाठी चार सर्जन पाहिले, शेवटी ज्यांनी आधी थांबवलं त्यांच्याकडेच केलं

ऑपरेशनला 13 महिने झाले, दातांच्या तारा निघूनही 5 महिने होत आले, म्हणून आता लिहायला बसलेय. सुरुवातीच्या दिवसात लिहिलं असतं तर नुसतं सूज आणि पातळ खाण्याबद्दल लिहिलं गेलं असतं, आणि ते सगळं तर कुठेही वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते सर्जन कसा निवडला याबद्दल, कारण माझ्या बाबतीत सगळं तिथेच ठरलं आणि चुकीच्या ठिकाणी हो म्हणून बसायला मी अगदी थोडक्यात राहिले होते.

माझा प्रॉब्लेम असा की खालचा जबडा मागे आणि समोरचे वरखालचे दात एकमेकांना लागायचेच नाहीत, मधे फट, याला ओपन बाइट म्हणतात. चावायचं सगळं मागच्या दाढांनी, तोंड मिटायचं म्हणजे ओठ ओढून आणावे लागायचे आणि तेव्हा हनुवटीवर वळ्या पडायच्या, रात्री तोंड उघडं राहून घसा कोरडा. हे नुसत्या तारांनी होणार नाही, जबडाच हलवावा लागेल, म्हणजे ऑर्थोग्नाथिक सर्जरी, हे ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे तारा लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण सर्जन कोण ते तुम्ही बघा म्हणाले. बघा म्हणजे काय बघा ते काही कळत नव्हतं.

पहिल्या सर्जनकडे गेले ते फोटो बघून. आधीचे-नंतरचे फोटो इतके सुंदर की ताई पण म्हणाली इथेच कर. आत गेल्यावर माझा बाजूने एक फोटो काढला, कॉम्प्युटरवर टाकला आणि दोन मिनिटात माझा नवा चेहरा समोर. मी बघतच राहिले, खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. आणि त्याच भेटीत तारीख पण देऊ केली. माझ्या तोंडात आरशाने जेमतेम अर्धा मिनिट बघितलं असेल. खालच्या ओठाच्या बधीरपणाचं विचारलं तर "होतं थोडं, जातं ते" एवढंच उत्तर. ऑर्थोडॉन्टिस्टशी बोलणार का विचारलं तर म्हणाले तारा कुणीही लावल्या तरी चालतील. त्या दिवशी मला यातलं काहीच खटकलं नव्हतं, घरी येताना मी फक्त त्या फोटोचाच विचार करत होते. तो फोटो म्हणजे सॉफ्टवेअरने त्वचा ओढून दाखवलेली असते, तुमचं हाड किती हलेल, सांधा ते सोसेल का, यातलं त्या चित्राला काही माहीत नसतं, हे मला खूप नंतर कळलं.

दुसरे सर्जन वयाने मोठे, हात अतिशय चांगला असं सगळ्यांकडून ऐकलं होतं. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. सगळं नीट तपासलं आणि स्वतःहून म्हणाले, "मी रोज फ्रॅक्चर बसवतो, ट्यूमर काढतो. तुमच्यासारख्या केसेस माझ्याकडे वर्षाला चार-पाच येतात. फ्रॅक्चरमधे हाड जिथे होतं तिथे परत ठेवायचं असतं, तुमच्यात ते कुठे न्यायचं हे ठरवायचंय, ते वेगळं काम आहे." आणि कुणाकडे जायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. असं सांगणारा डॉक्टर भेटणं म्हणजे नशीबच. चेहऱ्याच्या हाडांचं ऑपरेशन करणारा प्रत्येक जण हे ऑपरेशन नेहमी करतोच असं नाही, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. पाटीवरच्या डिग्रीवरून पण सगळं कळत नाही, कारण ब्रिटन, जर्मनीसारख्या देशात मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याचा, सर्जन व्हायला दंतवैद्यक आणि मेडिकल दोन्ही डिग्र्या लागतात, बऱ्याच ठिकाणी दंतवैद्यकातूनच वर जाता येतं, काही ठिकाणी प्लास्टिक सर्जन पण हे करतात. म्हणून सरळ विचारायचं, दोन्ही जबड्यांची ऑपरेशन्स तुम्ही वर्षाला किती करता, आणि माझ्या ऑपरेशनला करवत तुमच्या हातात असणार की शिकणाऱ्याच्या.

चिठ्ठी हातात होती तरी मधे मी अजून एका ठिकाणी जाऊन आले, कारण मोठ्या ऑपरेशनची भीती वाटत होती आणि तिथे "एवढं मोठं कशाला" असं सांगतात असं कळलं होतं. तसंच सांगितलं. वरचे दोन दात काढू, समोरचे दात मागे घेऊ, हनुवटीला एक इम्प्लांट बसवू, झालं काम. ऐकायला किती सोपं! आणि काही जणांसाठी हा मार्ग बरोबर असतो पण, जबड्यातला फरक थोडाच असेल तर. पण एक गोष्ट मात्र प्रत्येकाने समजून घ्या, दात मागे घेऊन जबड्यातला फरक लपवणं आणि ऑपरेशनसाठी दात तयार करणं ही दोन कामं एकमेकांच्या उलट दिशेची आहेत. खालचा जबडा मागे असला की खालचे समोरचे दात आपोआप पुढे झुकलेले असतात, ऑपरेशनच्या आधी ते सरळ करावे लागतात, म्हणजे वरच्या आणि खालच्या दातातलं अंतर उलट वाढतं आणि तेवढीच जबडा पुढे आणायला जागा मिळते. वरचे दात काढून मागे घेतले की ती जागाच संपली. नंतर कधी मनात आलं की ऑपरेशन करूया, तर आधी सगळं उलटं फिरवावं लागतं. म्हणजे ऑपरेशन करायचं की नाही हे तारा लावायच्या आधीच ठरलेलं पाहिजे, आणि सर्जन व ऑर्थोडॉन्टिस्टने एकत्र बसून ठरवलेलं पाहिजे.

मग चिठ्ठीवरच्या मॅडमकडे गेले. पाऊण तास बाहेर बसवलं, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली, त्यांच्याकडे वेळ म्हणून कधी पाळली जात नाही. पण आत गेल्यावर त्यांनी मला जवळजवळ तासभर दिला. आधी फोटो नाही, स्कॅन नाही, दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांच्या पुढे ठेवली आणि म्हणाल्या तोंड उघडा, मिटा, परत उघडा, आता डावीकडे न्या, उजवीकडे. मग विचारलं, "समोरच्या दातांनी दोरा तोडता येतो का?"

मी म्हटलं नाही, बाजूच्या दातांनी तोडते.

"आधी तुटायचा का?"

आणि मला एकदम आठवलं की हो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी शिवणकामाचा क्लास करायचे आणि तेव्हा दोरा समोरच्याच दातांनी तोडायचे, कात्री घेत नाही म्हणून बाई ओरडायच्या. ताई पण शेजारून हो हो म्हणाली. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या जुने फोटो आणा, बाजूने काढलेले, 18 ते 25 वयातले जेवढे मिळतील तेवढे.

पुढच्या भेटीत ते सगळे फोटो टेबलावर ओळीने लावले. 19 व्या वर्षीच्या फोटोत माझी हनुवटी आत्तापेक्षा पुढे होती. मी रोज आरशात बघणारी, माझ्या लक्षात नाही आलं, घरात कुणाच्याच नाही. मग सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन. जबड्याचा सांधा असतो ना कानापुढे, त्यात खालच्या जबड्याचं जे गोल टोक असतं त्याला कंडाइल म्हणतात, ते माझ्या दोन्ही बाजूंना जरा झिजलेलं आणि वरून चपटं झालेलं होतं. याला कंडाइलर रिसॉर्प्शन म्हणतात, तरुण मुलींमधे जास्त दिसतं, सांधा बारीक होत जातो तसा जबडा मागे सरकतो आणि समोरची फट वाढत जाते. संधिवाताचा प्रकार नाही ना म्हणून रक्त तपासलं, ते ठीक आलं. प्रश्न एवढाच राहिला की ही झीज थांबलीय की अजून चालूच आहे. चालू असताना ऑपरेशन केलं तर सर्जनने कितीही सुंदर जबडा बसवू दे, खालून सांधाच झिजत राहणार आणि सगळं परत मागे जाणार.

"आत्ता ऑपरेशन नको," असं स्पष्ट म्हणाल्या. 6 महिने थांबा, रात्री सांध्यासाठी स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारी प्लास्टिकची पट्टी, घाला, मग परत स्कॅन आणि दातांचे साचे, काही फरक नसेल तर तारा लावू, आणि ऑपरेशनच्या आधी तिसरा स्कॅन. तिन्ही जुळले तरच.

मी त्या दिवशी चिडले होते. पहिल्या ठिकाणी तारीख मिळत होती आणि इथे नुसतं थांबा. चार दिवस मी पहिल्याच सर्जनकडे जायचं असं धरून बसले होते. पाचव्या दिवशी ते जुने फोटो परत काढून बघितले आणि मग शांतपणे विचार केला, की दोन सर्जननी तर मला दोऱ्याचं काय, दात आधी लागायचे का हे सुद्धा विचारलं नव्हतं. तिथेच ठरलं.

दुसरा स्कॅन पहिल्यासारखाच आला. मग 14 महिने तारा, साधारण 12 ते 18 महिने लागतातच. या काळात चेहरा आणि चावणं दोन्ही आधीपेक्षा वाईट होतं, कारण वर लिहिलं तसं अंतर मुद्दाम वाढवलेलं असतं, हे कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस खचतो, मला सांगितलं होतं तरी मी खचले होते. अक्कलदाढा 6 महिन्यांहून जास्त आधी काढून घेतल्या, कारण खालच्या जबड्याचा छेद तिथूनच जातो आणि तिथलं हाड भरून आलेलं असलेलं बरं. सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघं माझ्या साच्यांवर दर काही महिन्यांनी एकत्र बसायचे. हे मी स्वतः बघितलंय. तारा कुणीही लावल्या तरी चालतील असं म्हणणाऱ्यांकडे हे झालं असतं असं मला वाटत नाही.

या मधल्या काळात मी त्यांना खूप प्रश्न विचारले, वहीत लिहून नेत होते. एकदा त्यांनी कागदावर कवटी काढून दाखवली. वरच्या जबड्याच्या छेदाला ले फोर्ट एक म्हणतात, ते नाव रेने ले फोर्ट या फ्रेंच सर्जनवरून आलंय, त्यांनी मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याचं हाड कुठल्या रेषांवर फुटतं ते 1901 मधे लिहून ठेवलं, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेवर आज सर्जन जाणूनबुजून कापतात. खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंना हाडाची जाडी उभी चिरून दोन फाका करतात आणि एकावर एक सरकवतात, तोंडाच्या आतूनच, चेहऱ्यावर व्रण नाही. ही पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी 1957 मधे मांडली, 1961 मधे दाल पोंट यांनी छेद आणखी पुढे नेला म्हणजे दोन हाडं जास्त भागात एकमेकांना चिकटून राहतात. आणि या दोन फाकांच्या बरोबर मधून खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. मॅडमनी माझ्या स्कॅनवर ती नस रंगवून दाखवली, उजव्या बाजूला ती बाहेरच्या हाडाला अगदी लागून होती. म्हणाल्या, "सुरुवातीला बधीर जवळजवळ सगळ्यांना होतं. बहुतेकांचं भरून येतं. काहींचं थोडं कायमचं राहतं, वय वाढतं तसं शक्यता वाढते, आणि तुमची उजवी बाजू मला अवघड दिसतेय. हे मान्य असेल तरच पुढे जाऊ." हेच उत्तर मला हवं होतं, "जातं ते" नव्हे.

दुसरं मी विचारलं ते टिकण्याबद्दल. सगळ्या हालचाली सारख्या टिकत नाहीत. वरचा जबडा वर उचलणं हे सगळ्यात टिकाऊ समजलं जातं, तो रुंद करणं सगळ्यात कमी. माझा वरचा जबडा मागच्या बाजूने वर उचलायचा होता, त्याने फट मिटते आणि खालचा जबडा आपोआप थोडा पुढे फिरतो, उरलेलं अंतर खालच्या जबड्याला छेद घेऊन पुढे आणायचं. मी म्हटलं तुमच्या पेशंटचे ऑपरेशनच्या दुसऱ्या महिन्यातले फोटो नकोत, दोन-चार वर्षांनंतरचे दाखवा. त्यांनी दाखवले, त्या पेशंटची संमती होती आणि चेहरे झाकलेले होते, फक्त दात आणि एक्सरे. त्यात एक केस बिघडलेली पण दाखवली, फट परत आली होती, आणि का आली तेही सांगितलं. प्लीज, तुम्ही कुठेही जा पण हे मागाच. न बिघडलेलेच फोटो दाखवणाऱ्याकडे बिघडलेल्या केसेस नसतात असं नाही.

नाकाबद्दल पण त्यांनीच आधी सांगितलं, वरचा जबडा वर किंवा पुढे गेला की नाकपुड्या रुंदावतात, ते आवरायला आतून टाका घालतात, तरी थोडा फरक राहू शकतो. माझ्यात राहिलाय थोडा. आधी माहीत होतं म्हणून त्याचं वाईट वाटलं नाही.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. भूल नाकातल्या नळीतून, कारण तोंड मोकळं लागतं, दात जुळतात की नाही ते सर्जनला ऑपरेशन चालू असतानाच बघायचं असतं. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी खोलीत येऊन अर्धा तास बोलून गेले. टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रू आहेत, तोंड तारेने घट्ट बांधलं नव्हतं, वरखालच्या तारांना जोडणारे रबर होते, तरी उशाशी कात्री ठेवलेली असायची, उलटी झालीच तर कापायला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, ताईला मी ओळखू आले नव्हते. 6 आठवडे चावायचं काहीच नाही. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

आता जे आवडलं नाही ते. हॉस्पिटलमधून घरी सोडताना खाण्याबद्दल एकच छापील कागद दिला, त्यात नीट काही नव्हतं, सिरिंजने कसं प्यायचं ते मला रात्रपाळीच्या नर्सने स्वतःहून दाखवलं, गालाच्या आतून मागे सोडायचं, जिभेवर नाही. त्या नर्सचे आभार मानावे तेवढे थोडे. वजन भराभर कमी झालं आणि आहारतज्ज्ञाला भेटायचं होतं हे मला तिसऱ्या आठवड्यात समजलं. दुसरं म्हणजे शनिवारी रात्री रबर तुटला तेव्हा दिलेल्या नंबरवर कुणी फोनच उचलला नाही, दोन तास आम्ही घाबरून बसलो होतो. मी मॅडमना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी माझ्या फाइलवर ज्युनियर डॉक्टरचा थेट नंबर लिहिलेला होता. पण असा नंबर सगळ्यांना पहिल्या दिवसापासून मिळायला पाहिजे. विम्यासाठी कागद पण आम्हालाच मागे लागून घ्यावे लागले, आणि तुम्ही हे लवकर करा, कारण या ऑपरेशनला नुसतं सौंदर्यासाठी म्हणून नाकारतात, चावता येत नाही, सांध्याचं दुखणं आहे, हे सर्जनच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं.

स्टार द्यायचे तर सर्जनला पाचपैकी पाच, हॉस्पिटलला तीन.

आता रोजचं सांगते. समोरचे दात लागतात. पहिल्यांदा परवानगी मिळाल्यावर मी ताईच्या ब्लाउजचं हुक लावून दोरा समोरच्या दातांनी तोडला, तुटायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला कारण इतक्या वर्षांत तिथे किती जोर लावायचा तेच विसरले होते. सांध्याचा वर्षानंतरचा स्कॅन आधीच्या तिन्हीसारखाच आलाय. डावा ओठ चौथ्या महिन्यापर्यंत पूर्ण जागा झाला. उजव्या बाजूला खाली हनुवटीजवळ एक जागा अजून बधीर आहे, पाणी पिताना ओघळलं तर कळत नाही, रुमाल हाताशी ठेवते. मॅडम दर भेटीत डोळे मिटायला सांगतात, कापसाच्या टोकाने हळूहळू स्पर्श करत जातात, मी जिथे "आता नाही कळत" म्हणते तिथे त्वचेवर पेनाने ठिपका काढतात, मग ठिपके जोडून त्याचा फोटो. पहिल्या महिन्यात ती रेघ ओठाच्या कोपऱ्यापासून पार हनुवटीच्या मध्यापर्यंत होती. मागच्या भेटीत अंगठ्याच्या नखाएवढी उरली होती. पुढची भेट 18 महिन्यांना आहे.